घरच्या मालासाठी घरचा उजेडाचा खोका

बाजाराच्या दिवशी हळद घ्यायला आलेली बाई काय करते, हे तुम्ही नेहमी पाहता. ती चिमूटभर हळद तळहातावर घेते, अंगठ्याने चोळते, नाकाशी नेते, उन्हात धरून रंग पाहते आणि मग भाव विचारते. माल समोर, गिऱ्हाईक समोर. हातच्या काकणाला आरसा कशाला, असा हा व्यवहार.

पण शेतकरी बंधू-भगिनींनो, आता आपला काही माल आठवडी बाजाराच्या वेशीपलीकडे जाऊ लागला आहे. अर्धापूरकडची हळद, लातूरची तूरडाळ, लाल कंधारी नि देवणी गाईंचे तूप, घाण्यावरचे करडईचे तेल, कारळाची चटणी, शेवया, कुरडया या वस्तू पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक मोबाइलवर पाहून मागवते. महाराष्ट्रात २०११ साली ‘उमेद’ अभियान सुरू झाले. त्यातून गावोगाव उभ्या राहिलेल्या बचत गटांच्या भगिनी मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनापर्यंत जाऊन आल्या. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ, तसेच हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या मातीच्या मालाला दूरवर नाव होत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे.

मात्र दूरच्या गिऱ्हाइकाला आपली हळद चोळून पाहता येत नाही. वास घेता येत नाही. त्याच्यापुढे असते ते फक्त चित्र, म्हणजे मोबाइलवर काढलेला फोटो. बाजारात जे काम चिमूटभर नमुना करतो, ते काम येथे त्या फोटोला करावे लागते. म्हणून नमुना जितक्या काळजीने निवडता, तितक्याच काळजीने फोटो काढला पाहिजे. त्यासाठी शहरातल्या फोटो स्टुडिओत जाण्याची गरज नाही. किराणा दुकानातला एक रिकामा खोका, दोन कागद आणि तासाभराची सवड एवढ्यावर हे काम होते. त्याची रीत आज पाहू.

दोष मोबाइलचा नाही, उजेडाचा आहे

मेळाव्याला गेले की गटाच्या भगिनी मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, “साहेब, बघा, आमचे फोटो कसे आलेत?” चटणी उत्तम असते, पाकीटही नीटनेटके असते. पण फोटोत पाकीट शहाबादी फरशीवर ठेवलेले, मागे केरसुणी नि बादली, कोपऱ्यात लेकराचा पाय, अर्ध्या पाकिटावर काळी सावली आणि उरलेल्या अर्ध्यावर फ्लॅशची चकाकी. नाव वाचता येत नाही, रंग कळत नाही. बोलक्याचे कुळीथ खपतात आणि मुक्याचे गहू पडून राहतात, असे जुने लोक म्हणत. असा फोटो म्हणजे मुका गहू.

मग वाटते, मोबाइल हलका आहे, महागाचा घेतला पाहिजे. तसे नाही. आपल्या साध्या मोबाइलचा कॅमेरा या कामाला पुरेसा असतो. कमी पडतो तो योग्य उजेड.

उजेडाचा स्वभाव तुम्हाला शेतावर रोज दिसतो. चैत्र-वैशाखाच्या दुपारी बाभळीची सावली जमिनीवर कोरल्यासारखी पडते. ऊन तेथे डोळे दिपतात आणि सावलीत काळोख वाटतो. श्रावणात आभाळ भरून आले की त्याच बाभळीची सावली जवळजवळ दिसेनाशी होते, पण पीक मात्र हिरवेगार नि स्पष्ट दिसते. असे का होते? उघड्या आभाळात सूर्य म्हणजे एक लहानसा पण फार तेजस्वी दिवा असतो. एकाच ठिकाणाहून उजेड आला की सावली गडद पडते. ढग मध्ये आले की तोच उजेड ढगभर पसरतो आणि सबंध आभाळ दिवा होते. मग वस्तूवर चारी बाजूंनी सारखा उजेड पडतो नि सावली विरून जाते.

आपल्याला खोक्यात हेच करायचे आहे. कागदाचा ढग करायचा आणि त्यातून गाळलेला उजेड मालावर पाडायचा. आपल्या मराठवाड्यात आभाळातला ढग हवा तेव्हा येत नाही. हा मात्र आपल्या हातातला आहे.

साहित्य

एक पुठ्ठ्याचा खोका, लांबी, रुंदी व उंची सुमारे दीड फूट. साबणाचा, बिस्किटांचा, कसलाही चालेल. फक्त ओला होऊन मऊ पडलेला नको. ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर, खोक्याच्या तीन बाजू झाकतील इतका. हे न मिळाल्यास जुन्या पांढऱ्या धोतराचा स्वच्छ, विरळ तुकडा घ्यावा. एक मोठी पांढरी कार्डशीट, शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळते ती, साधारण २२ इंच रुंद व २८ इंच लांब. चिकटपट्टी, पट्टी, पेन्सिल आणि धारदार चाकू. बल्ब वापरायचे असतील तर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, पांढऱ्या उजेडाचे नऊ वॉटचे दोन एलईडी बल्ब व होल्डर. दिवसाच्या उजेडात काम करणार असाल तर बल्बही नकोत.

कृती

१. खोका आडवा ठेवा, म्हणजे त्याचे उघडे तोंड तुमच्याकडे येईल. तोंडावरच्या झडपा कापून टाका.

२. डावी, उजवी आणि वरची अशा तीन बाजूंवर कडेपासून दोन-दोन इंच जागा सोडून चौकोन आखा आणि कापून खिडक्या करा. मागची बाजू व तळ शाबूत ठेवा. कडेची दोन इंचांची चौकट कमी करू नका. खोका तिच्यावरच उभा राहतो. चाकू चालवताना पोरांना जवळ बसू देऊ नका.

३. तिन्ही खिडक्यांवर बाहेरून ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. कापड असेल तर चुणी राहू देऊ नका, नाहीतर तिची सावली आत पडते.

४. कार्डशीट खोक्याच्या आतल्या रुंदीपेक्षा किंचित कमी रुंदीची कापा. तिचे एक टोक आतल्या मागच्या भिंतीवर वरच्या अंगाला चिकटवा आणि शीट खाली सोडून तळावरून पुढे येऊ द्या. मागच्या कोपऱ्यात तिला घडी घालायची नाही. पाटातून पाणी वळते तशी ती सहज वळू द्या. घडी पडली की फोटोत मागे आडवी रेघ दिसते. वळण गोल राहिले तर जमीन कोठे संपली नि भिंत कोठे सुरू झाली हे कळतच नाही, आणि वस्तू पांढऱ्यात उभी असल्यासारखी दिसते.

झाला उजेडाचा खोका. शहरात यालाच लाइटबॉक्स म्हणतात. बल्ब सोडले तर खर्च किरकोळ, आणि नीट जपला तर एक खोका साऱ्या गटाला बरेच दिवस पुरतो. हळद-मसाल्याने कार्डशीट डागाळली तर तेवढीच बदलावी.

खोका कोठे ठेवावा

दिवसाचा उजेड सर्वांत चांगला आणि फुकटचा. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत ओसरीवर किंवा ढाळजेत, जेथे आभाळाचा भरपूर उजेड येतो पण ऊन थेट पडत नाही, तेथे खोका ठेवावा. अगदी सकाळचा व दिवेलागणीच्या आधीचा उजेड तांबूस असतो. त्यात पांढरे तूपही पिवळे दिसते.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आपल्या घरांच्या भिंती निळ्या, गुलाबी, पोपटी रंगाने रंगवलेल्या असतात. भिंतीवर आपटून आलेला उजेड तिचा रंग बरोबर घेऊन येतो. निळ्या भिंतीलगत काढलेल्या फोटोत पांढऱ्या शेवया निळसर दिसतात, लिंबाच्या झाडाखाली काढल्या तर हिरवट दिसतात. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. कॅमेऱ्यात मात्र ते उमटते. म्हणून खोका रंगीत भिंतीपासून दूर, उघड्या जागेकडे तोंड नसलेल्या बाजूने उजेड येईल असा ठेवावा आणि काम करणाराने शक्यतो भडक रंगाचे कपडे घालू नयेत. लाल लुगड्याची झाक स्टीलच्या डब्यावर हमखास दिसते.

बल्ब लावायचे तर एक डावीकडे नि एक उजवीकडे, कागदापासून अर्धा ते एक फूट अंतरावर ठेवावा. फार जवळ आणला तर कागदावर एकच पांढरा गोळा उजळतो आणि पसरलेल्या उजेडाचा उपयोग राहत नाही. सबंध कागद सारखा उजळला की अंतर बरोबर झाले असे समजावे. जुने पिवळे तापणारे बल्ब कागदाजवळ मुळीच लावू नयेत. आग लागण्याची भीती असते. वायरीचा जोड उघडा ठेवू नये, ओल्या हाताने होल्डरला हात लावू नये आणि बल्ब चालू ठेवून उठून जाऊ नये.

बल्बचा उजेड आणि खिडकीचा उजेड एकमेकांत मिसळू नये. दोहोंचे रंग निराळे असतात. त्यामुळे पाकिटाची एक बाजू पिवळट आणि दुसरी निळसर येते. बल्ब लावले तर खिडकी बंद, खिडकी उघडली तर बल्ब बंद, एवढे ध्यानात ठेवावे.

मोबाइल कसा धरावा

प्रथम मोबाइलच्या मागची काच मऊ सुती कापडाने पुसा. खिशातल्या तंबाखूची नि हाताच्या तेलाची पुटे तिच्यावर असतात आणि फोटो धुरकट येतो तो त्यामुळेच. फ्लॅश बंद करा. चेहरा गोरा करणारे, रंग खुलवणारे सगळे प्रकार बंद करा.

मोबाइल हातात न धरता विटेवर, पाटावर किंवा पाणी भरलेल्या तांब्याला टेकवून उभा करा, म्हणजे हलणार नाही. वस्तूच्या अगदी तोंडाशी नेऊ नका. जवळून काढल्यास बरणी मध्ये फुगल्यासारखी दिसते. दोन-तीन फूट अंतर ठेवा आणि भोवतालची जास्तीची जागा नंतर कातरून टाका. मोबाइल वस्तूच्या मध्याच्या उंचीवर असावा. उभ्या माणसाने वरून काढलेला फोटो पाकीट बुटके करतो.

आता पडद्यावर वस्तूवर बोट टेकवा. बहुतेक मोबाइलमध्ये सूर्यासारखी एक लहान खूण दिसते. बोट वर सरकवले की फोटो उजळतो, खाली सरकवले की मंदावतो. खोक्यात सगळीकडे पांढरे असल्याने कॅमेऱ्याला वाटते की उजेड फार झाला, म्हणून तो आपणहून फोटो काळपट करतो. कागद राखाडी दिसत असेल तर थोडे उजळवा. पण पाकिटावरची अक्षरे फिकी पडू लागली की थांबा.

जसा माल तसा उजेड

हळद: पिवळ्याजर्द हळदीने चौकट भरली की कॅमेरा गोंधळतो आणि तो पिवळा रंग मारण्यासाठी निळसरपणा मिसळतो. हळद मग मातकट दिसते. म्हणून हळद पांढऱ्या बशीत लहान ढीग करून ठेवा आणि भोवती पुरेसा पांढरा कागद दिसू द्या. आणखी एक काळजी घ्यावी. हळदीचा पिवळा रंग ज्या कुरकुमीनमुळे असतो ते उजेडाने विरते, लाल मिरचीचा रंगही उन्हात उडतो. फोटोसाठी काढलेला नमुना दिवसभर उन्हात ठेवून नंतर विक्रीच्या मालात मिसळू नका.

शेवया, कुरडया, पापड, ज्वारीचे पीठ: पांढऱ्यावर पांढरे ठेवले की कडा हरवतात. येथे निळ्या किंवा राखाडी रंगाचा कागद खाली घाला. पांढराच हवा असेल तर खोक्याच्या आत, चौकटीबाहेर राहतील अशा दोन काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या डाव्या-उजव्या अंगाला उभ्या करा. त्यांची मंद झाक कडांवर येते आणि आकार उठून दिसतो.

कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी: हिचा भरडपणा दिसला पाहिजे. दोन्हीकडून सारखा उजेड असला की चटणी सपाट दिसते. एका बाजूच्या खिडकीवर पुठ्ठा टेकवा. मग कण न् कण दिसेल.

करडईचे तेल, मध, तूप: काचेच्या बाटलीतून उजेड आरपार आला तर तेल सोन्यासारखे चमकते. बाटलीमागे, पुढून दिसणार नाही असा पांढऱ्या कागदाचा तुकडा तिरपा उभा करा. तो उजेड बाटलीत परतवतो. बाटली आधी पुसून घ्या. बोटांचे ठसे फोटोत मोठे दिसतात.

प्लॅस्टिकचे पाकीट: चकाकी आली तर पाकीट किंचित पुढे किंवा मागे झुकवा. पाकिटात हवा राहून ते सुरकुतले असेल तर आतून माल सारखा करून घ्या.

केळीचा घड, घोंगडी, गोधडी: हे खोक्यात मावणार नाहीत. त्यासाठी भिंतीवरून जमिनीपर्यंत पांढरी धुतलेली चादर सोडा, तीही घडी न पाडता, आणि सावलीत फोटो काढा. नियम तोच: ऊन नको, भरपूर आभाळ हवे.

एक नव्हे, चार फोटो

एका वस्तूचे निदान चार फोटो काढावेत. पहिला समोरून, फक्त वस्तू. ॲमेझॉनसारख्या मोठ्या दुकानांना मुख्य फोटोत मागची बाजू पूर्ण पांढरी लागते आणि वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. दुसरा फोटो पाकिटाच्या मागच्या बाजूचा, मजकूर वाचता येईल असा. तिसरा आतल्या मालाचा, बशीत काढून. चौथा आकार कळण्यासाठी, शेजारी चमचा किंवा हात ठेवून. शंभर ग्रॅमचे पाकीट फोटोत पाव किलोचे वाटते आणि मग घरी आल्यावर गिऱ्हाईक हिरमुसते.

मागच्या बाजूच्या मजकुराला फार महत्त्व आहे. वस्तूचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे, कमाल किंमत, तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाची चौकोनातील हिरव्या ठिपक्याची खूण हे सर्व स्पष्ट दिसावे. मोबाइलवरून विकल्या जाणाऱ्या बंद पाकिटांची वजन-किंमत वगैरे माहिती दुकानाच्या पानावरही दाखवावी, असा नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे.

फोटो दुसऱ्याला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करून पाठवते आणि अक्षरे पुसट होतात. तेव्हा तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मग जसाच्या तसा पोहोचतो.

फोटो म्हणजे शब्द

आता सर्वांत महत्त्वाचे. खोका सावली घालवतो, मालातला दोष घालवत नाही, आणि त्याने तो घालवूही नये. मोबाइलवर बोट फिरवून हळद जास्त पिवळी, मिरची जास्त लाल, डाळ जास्त चकचकीत करता येते. मोह होतो. पण समजा, मुंबईच्या एका बाईने फोटोतली केशरी हळद पाहून दोन किलो मागवली आणि घरी आलेली हळद साधी पिवळी निघाली. हळद अस्सल असली तरी ती म्हणणार, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. ती माल परत करील, जाण्या-येण्याचे भाडे गटाच्या अंगावर पडेल आणि तिच्या इमारतीतल्या इतर घरांतून येणारी मागणीही तुटेल. आपल्या हळदीला रंग लावला नसेल, पण फोटोला लावला. गिऱ्हाइकाच्या लेखी दोन्ही एकच.

कायदाही तेच सांगतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याची जाहिरात मालाच्या खऱ्या गुणांशी जुळली पाहिजे. माल दाखवल्याप्रमाणे नसेल तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही.

म्हणून एक साधी कसोटी सांगतो. फोटो काढल्यावर मोबाइल दिवसाच्या उजेडात खोक्याबाहेर आणा आणि मालाशेजारी धरा. दोन्हींचा रंग जुळतो का, हे घरातल्या अशा माणसाला विचारा ज्याने फोटो काढलेला नाही. सासूबाईंना विचारा, शाळेतल्या मुलीला विचारा. जुळला तर तो फोटो पाठवा. नाही जुळला तर पुन्हा काढा. आणि दर हंगामाला नवा फोटो काढा. गेल्या वर्षीच्या हळदीचा फोटो यंदाच्या हळदीला लावू नये. पाऊस, जमीन, शिजवणी बदलली की रंग बदलतो.

गावात एक खोका पुरे. गटाच्या बैठकीच्या दिवशी तो ओसरीवर मांडावा, प्रत्येकीने आपली एकेक वस्तू आणावी, एकीने पाकीट पुसावे, एकीने उजेड सांभाळावा, एकीने फोटो काढावा. कॉलेजात जाणारी मुले-मुली मोबाइलच्या कामात तरबेज असतात. त्यांनाही बरोबर घ्यावे. काम संपले की खोक्यावर जुने कापड टाकून तो उंदरांपासून नि धुळीपासून दूर, फडताळावर ठेवावा.

वर्षभर राबून पिकवलेला, निवडून, दळून, पाकिटात भरलेला माल आपला आहे. तो जसा आहे तसा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे जावा, कमी नको नि जास्तही नको, एवढेच या खोक्याचे काम. येत्या रविवारी दुकानातून रिकामा खोका मागून आणा आणि करून पाहा.